अनुदानाचा ट्रॅक्टर आणि वाफशाचे चार दिवस



चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात यंत्रे येत नाहीत असे कोण म्हणतो? घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, भद्रावतीच्या कोळसा खाणींत जाऊन पाहा. एका घासात बंडीभर माती उचलणारी यंत्रे तिथे रात्रंदिवस चालतात. सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग तुटत नाही. कोरपना-राजुऱ्याचा चुनखडीचा दगड फोडून त्याचे सिमेंट करणारी यंत्रेही आपल्याच शिवाराला लागून उभी आहेत. जमिनीच्या पोटातले काढून न्यायचे असेल तर रस्ता होतो, पूल होतो, वीज येते, मिस्त्री येतो, सुटे भाग येतात. जमिनीच्या पाठीवर काही पिकवायचे म्हटले की मात्र सांगतात, "हा दुर्गम भाग आहे, इथला शेतकरी अल्पभूधारक आहे, त्याला यंत्र परवडत नाही."

आमच्याच जिल्ह्याचे लोखंड बाहेर जाते. त्याचा नांगर होऊन ते आमच्याकडे परत येत नाही. आले तर अनुदानाच्या उपकाराची चिठ्ठी डकवून येते. ही चिठ्ठी आज जरा नीट वाचून पाहू.

यंत्र कुठे आले, कुठे अडले

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अंदाजाप्रमाणे देशातल्या शेतीचे यांत्रिकीकरण झाले आहे सरासरी ४७ टक्के. कामागणिक फोड केली तर जमिनीची मशागत ७० टक्के, पेरणी-लागवड ४० टक्के, निंदण-डवरण ३२ टक्के आणि कापणी-मळणी ३४ टक्के. हे आकडे सर्व मुख्य पिकांचे मिळून आहेत, त्यात पंजाबचा गहूही आला. नुसता कोरडवाहू कापूस घेतला तर वेचणी आजही माणसाच्या, खरे म्हणजे बाईच्या, दहा बोटांनीच होते.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. नांगर-वखर धरणे हे गड्याचे काम, तिथे यंत्र आधी पोहोचले. निंदण आणि वेचण हे बायांचे काम. तिथे यंत्र पोहोचलेच नाही. कंबर दिवसभर वाकलेली असते ती बाईची, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना कधी निंदायला बसावे लागलेले नाही.

दुसरी गोष्ट. या देशात वर्षाला साडेआठ-नऊ लाखांवर ट्रॅक्टर विकले जातात, आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशाची सरासरी जमीनधारणा निघाली १.०८ हेक्टर, महाराष्ट्राची १.३४ हेक्टर. म्हणजे सव्वातीन-साडेतीन एकर. एवढ्या तुकड्यावर ट्रॅक्टर घेऊन करायचे काय, याचा हिशेब एकदा मांडूनच टाकू.

पाच एकर आणि एक ट्रॅक्टर

समजा, ट्रॅक्टरची किंमत सात लाख आणि आयुष्य दहा वर्षे. म्हणजे झीज वर्षाला ७०,००० रुपये. कर्ज फिटत जाते म्हणून व्याज निम्म्या रकमेवर, साडेतीन लाखांवर, १० टक्क्यांनी धरू. ते झाले ३५,०००. दोन्ही मिळून १,०५,०००. डिझेल, ड्रायव्हर, टायर, दुरुस्ती यात धरलेली नाही.

आता काम किती? नांगरणी, वखरणी, पेरणी मिळून एकरी पाच तास धरा. पाच एकराला २५ तास. १,०५,००० ला २५ ने भागा. तासाला ४,२०० रुपये पडले, आणि ट्रॅक्टर अजून सुरूसुद्धा केलेला नाही!

आता सरकारी कृपा या हिशेबात घालू. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात, जे २०१४-१५ पासून सुरू झाले, अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकऱ्यांना ट्रॅक्टरवर सव्वा लाखाचे अनुदान आपल्या राज्यात वर्षानुवर्षे दिले गेले. सात लाखांचे झाले पावणेसहा. झीज ५७,५००, व्याज २८,७५०, एकूण ८६,२५०. भागिले २५. तासाला ३,४५०. म्हणजे सव्वा लाख मिळूनही पाच एकरवाला बुडतोच. फक्त जरा सावकाश बुडतो.

हाच ट्रॅक्टर वर्षात ७०० तास चालला तर? बिनअनुदानाचा असला तरी तासाला दीडशे रुपये. त्यावर डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती आणि मालकाचा नफा चढवा, आणि आपल्या गावात तासाचे भाडे काय आहे त्याच्याशी ताडून पाहा.

उत्तर पाटीवर लिहिलेल्यासारखे स्वच्छ आहे. लहान शेतकऱ्याला यंत्राची मालकी परवडत नाही, यंत्राचे काम परवडते. न्हावी गावात एक असला तरी सगळ्या गावाची दाढी होते, घरोघर वस्तरा-कात्री घ्यावी लागत नाही. पण अनुदानाची सगळी योजना घरोघर वस्तरा वाटण्याची आहे. कारण दारात उभ्या ट्रॅक्टरचा हार घालून फोटो निघतो. वेळेवर झालेल्या नांगरटीचा फोटो कोण काढतो?

सोडतीचे दैव

अनुदान मिळते कसे तेही पाहा. महाडीबीटीवर अर्ज करायचा. आधी सोडत निघायची. गावातल्या शंभरांत नंबर लागायचा एखाद्याचा, बाकीचे पुढल्या वर्षाच्या आशेवर. २०२५ मध्ये सोडत बंद करून 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य' केले. जिवतीच्या पहाडावर, भामरागडात, एटापल्लीत मोबाइलची रेघ मिळवायला टेकडीवर चढावे लागते. तिथल्या माणसाने तालुक्याच्या सेतू केंद्राशेजारी राहणाऱ्याच्या आधी अर्ज कसा करायचा?

नंबर लागला तरी पूर्वसंमती मिळाल्यावर आधी पूर्ण पैसे भरून यंत्र विकत घ्यायचे, बिल चढवायचे, तपासणी व्हायची, मग अनुदान खात्यात येणार. ज्याच्याजवळ आधी भरायला पैसे आहेत त्यालाच गरिबाचे अनुदान! मग काय होते? सातबारा गरिबाचा, पैसा दुसऱ्याचा आणि ट्रॅक्टर तिसऱ्याच्या अंगणात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

अवजारे बँकेचेही तेच. याच उपअभियानात शेतकऱ्यांच्या गटाला दहा लाखांपर्यंतच्या अवजारे बँकेसाठी ८० टक्के अनुदानाची तरतूद झाली. कागदावर चांगली गोष्ट. पण गट कसा बनतो? अनुदानासाठी बनतो. कागदावर आठ-दहा नावे, यंत्र एकाकडे. अनुदान जमा झाले की गट संपला. कुठे अवजारे गोठ्यात गंजतात, कुठे एकाच घरची होऊन बसतात. जे फुकटासारखे आले त्याला कोण तेल घालतो? स्वतःच्या पैशाने घेतलेला माणूस मात्र रात्री दोन वाजता उठून बोल्ट आवळतो, कारण सकाळी यंत्र चालले नाही तर त्याचा हप्ता चुकतो.

गटाने करूच नये असे आमचे म्हणणे नाही. जिथे गट भाडे रोख घेतो, हिशेब भिंतीवर लिहितो आणि चालवणाऱ्याला पगार देतो, तिथे तो चालतो. कारण तो धंदा असतो, योजना नसते.

वाफसा कोणासाठी थांबत नाही

कोरडवाहू शेतकऱ्याला यंत्र कशासाठी पाहिजे? हौसेसाठी नाही. मृगाचा पाऊस पडला, जमीन वाफशावर आली की काळ्या रानात चार दिवस मिळतात, फार तर पाच. त्या चार दिवसांत सरकी टोबली, तूर-ज्वारी पडली तर साधली. मागे पडली तर पीक मागे पडते, तण पुढे जाते, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस संपलेला असतो. ओलिताचा शेतकरी आठवडा उशीर झाला तर एक पाणी जास्त देतो. कोरडवाहूवाल्याने काय द्यायचे?

बैलजोडीने दिवसाला जेमतेम दोन-अडीच एकर वखर होते. त्यातही ज्याच्याकडे जोडी नाही त्याला दुसऱ्याची पेरणी आटोपेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून नेहमी मागे राहतो तो सर्वांत लहान शेतकरीच. यंत्राची खरी गरज पन्नास एकरवाल्यापेक्षा तीन एकरवाल्याला जास्त आहे. तो मोठ्याच्या रांगेत शेवटचा असतो, आणि वाफसा रांग पाहत नाही.

बैलांचेही ऐका. शहरातले काही भले लोक सांगतात, लहान शेतकऱ्याने बैलच ठेवावेत, धूर नको, निसर्ग राहील. बैल आम्हालाही प्यारे आहेत, पोळा काही शहरात साजरा होत नाही. पण २०१५ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही. पूर्वी म्हातारी जोडी विकून, वर काही घालून शेतकरी तरणी जोडी घेत असे. आता म्हातारी जोडी मरेपर्यंत चारायची आणि तरणी पूर्ण किमतीला घ्यायची. बैल ठेवणेही महाग केले आणि ट्रॅक्टर घेणेही महाग ठेवले. मग तीन एकरवाल्याने वखराला काय जुंपायचे?

शेजारचा धडा

लहान शेती म्हणजे यंत्र नाही, हे खोटे आहे. पुरावा पाहायचा तर बांगलादेशाकडे पाहा. तिथली शेती आपल्याहूनही लहान. १९८८ च्या महापुरात नि वादळात त्या देशाची जनावरे मोठ्या संख्येने गेली, नांगराला बैल उरले नाहीत. तोवर तिथेही सरकारी समिती होती. कोणते यंत्र शेतकऱ्याच्या हिताचे, कोणते नाही, हे ती ठरवी. चीनचे स्वस्त पॉवर टिलर तिला कमी दर्जाचे वाटत. संकटानंतर सरकारने ही बंधने काढली, आयात मोकळी केली. पुढे काय झाले? गावोगावच्या धडपड्या पोरांनी पॉवर टिलर घेतले, स्वतःचे शेत झाल्यावर दुसऱ्याचे भाड्याने नांगरू लागले. गावात मिस्त्री तयार झाले, सुट्या भागांची दुकाने निघाली. आज त्या देशातली बहुतेक नांगरट यंत्राने होते आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या मालकीचे यंत्र नाही. तिथे सरकारचे सर्वांत मोठे काम कोणते झाले? वाटेतून बाजूला होण्याचे.

आणि आपल्याकडे? जुलै २०२० मध्ये परदेशी व्यापार महासंचालनालयाने पॉवर टिलर आणि त्याचे भाग मुक्त आयातीतून काढून परवान्याच्या यादीत टाकले. देशी कारखानदाराला संरक्षण! त्या संरक्षणाची किंमत कोणी भरायची? ज्याला दोन एकर नांगरायची आहे त्याने.

असेच आपल्याकडेही घडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे लोक म्हणत. नांगर दीर्घकाळ पडून राहिले. मग एका-दोघांनी चालवून पाहिले, शेजाऱ्यांनी बांधावरून पाहिले, आणि त्याच नांगरावर पुढे कारखाना उभा राहिला. शेतकरी अडाणी म्हणून नवे घेत नाही, हे कार्यालयातल्या लोकांचे आवडते मत आहे. तो तोट्याचे घेत नाही, एवढेच. आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. जेमतेम दीड एकराच्या धन्याने १९८० च्या दशकात धानाच्या ओंब्या निवडून निवडून वाण काढला, घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हटले, आणि तो वाण राज्याच्या सीमा ओलांडून गेला. २०१८ मध्ये ते गेले. अशा मुलखाला कोणी नव्याची भीती शिकवू नये.

कापूस वेचायचा कोणी?

आता सगळ्यांत अवघड कामाकडे येऊ. वेचणीला किलोमागे दहा रुपये धरले तर क्विंटलला हजार रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल. म्हणजे हमीभाव पदरात पडला तरी जवळजवळ आठवा हिस्सा नुसत्या वेचणीत जातो. आणि पैसे मोजूनही बाया मिळतीलच असे नाही. मूल, सावली, गोंडपिपरी, राजुऱ्याकडची माणसे हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातात, कारण तिथे मजुरी बरी पडते. त्यांना दोष द्यायचा नाही. जिथे दाम मिळेल तिथे जाण्याचा हक्क जसा आपल्या कापसाला हवा तसा त्यांच्या घामालाही आहे.

अमेरिकेत रस्ट बंधूंनी त्यांचे वेचणी यंत्र १९३६ मध्ये मिसिसिपीत स्टोनव्हिलच्या केंद्रावर चालवून दाखवले. नव्वद वर्षे होत आली. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे. तरी वेचणी यंत्र वरोऱ्याच्या शेतात का उतरले नाही? कारण एकट्या यंत्राने भागत नाही. त्याला पऱ्हाटी बुटकी, आटोपशीर लागते, बोंडे एकाच वेळी फुटावी लागतात, ओळी सरळ आणि ठरलेल्या अंतरावर हव्यात, पाने आधी झडवावी लागतात आणि जिनिंगमध्ये काडीकचरा काढणारी यंत्रणा लागते. आपण लावतो संकरित वाण. पऱ्हाटी पसरते, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, तीन-चार वेचे करावे लागतात. सघन लागवडीचे, ९० बाय १५ सेंटिमीटरवर लावायचे प्रयोग केंद्राने २०२३-२४ पासून हाती घेतले ते याच दिशेचे आहेत. पण त्यासाठी एकरी बियाण्याची पाकिटे कितीतरी जास्त लागतात. पाकिटाची किंमत आणि नव्या वाणांची परवानगी, दोन्ही सरकारच्या मुठीत. तीच मूठ धरून ठेवायची आणि वर यांत्रिकीकरणाची भाषणे करायची, हे कसे जमावे?

वेचणीचे राहू द्या. फवारणी घ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर मेले. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरून, तोंडाला साधे फडके बांधून ते फवारत होते. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही विदर्भाचा कापूस खाल्ला. अळीचा एक उपाय सगळ्यांना पाठ आहे. हंगाम वेळेवर संपवा आणि पऱ्हाटीचा पाला-काडी शेतात ठेवू नका. त्यासाठी हवे कुट्टी करणारे श्रेडर, गावात एक-दोन, भाड्याने. आणि बातम्यांत काय गाजले? ड्रोन! २०२३ च्या अखेरीस केंद्राने बचत गटांसाठी १५,००० ड्रोनची योजना मंजूर केली, एका ड्रोनला आठ लाखांपर्यंत ८० टक्के मदत. ड्रोनशी आमचे वैर नाही. अंगावर विष न येता फवारणी होत असेल तर हवीच आहे. पण त्याची बॅटरी बदलायची कुठे, बिघडले तर मिस्त्री कोण, आणि तासाचे भाडे कापसाच्या भावात बसते का, हे आधी सांगा.

ज्वारीचीही कथा यातच आहे. पिवळी पडलेली ज्वारी पावसात काळी पडते, रानडुकरे लोळवतात, पाखरे खातात, कापायला-खुडायला माणूस मिळत नाही. सोयाबीनला मळणी यंत्र होते, पाठोपाठ हार्वेस्टर आले, म्हणून सोयाबीन शेतात राहिले. ज्वारी गेली, ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेला. संकरित ज्वारीला २०२५-२६ साठी ३,६९९ रुपये हमीभाव जाहीर झाला. जाहीर करणाऱ्यांना विचारा, या भावात ज्वारी कापायचा रोज निघतो का? ज्या पिकाला दाम नाही त्याच्यासाठी यंत्र करायला कोणता कारखाना बसला आहे?

मग मजुरांचे काय?

हा प्रश्न आपल्यातलेच काही विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. यंत्र आले तर भूमिहीन बायांचा रोज जाईल. खरे आहे, काही रोज जातील. पण उन्हात वाकून दिवसभर निंदणे हा रोजगार म्हणून कोणाच्या लेकीसाठी जपून ठेवायचा? ज्यांना तो जपावासा वाटतो त्यांनी एक हंगाम निंदून पाहावा. शिवाय इथला लहान शेतकरी आणि मजूर ही दोन माणसे नाहीत. जूनमध्ये जो स्वतःच्या दोन एकरांत शेतकरी असतो तोच डिसेंबरात दुसऱ्याच्या शेतात मजूर असतो.

म्हणून आमचे म्हणणे, निंदणाचे यंत्र निंदणाऱ्या बाईच्याच हाती आले पाहिजे. तिने पॉवर विडर चालवला, एकराचे भाडे ठरवून घेतले, तर तिची मिळकत वाढते आणि शेतकऱ्याचे निंदणही वेळेवर होते. त्यासाठी लागते चार दिवसांचे शिक्षण, कर्जाला हमी आणि झेपेल एवढ्या वजनाचे यंत्र. आज बाजारात येणारी यंत्रे पुरुषाच्या खांद्याच्या मापाने बनतात. आणि यंत्र सुरक्षितही हवे. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्या तालुक्या-तालुक्यात आहेत. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ चा आहे. तो कोणी वाचला आहे का, कोण जाणे.

वनपट्ट्याचा नांगर

आपल्या जिल्ह्यांची आणखी एक अडचण नागपूर-मुंबईच्या ध्यानात येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. हेतू चांगला, आदिवासीची जमीन लाटली जाऊ नये. पण ज्या जमिनीवर बोजा चढत नाही तिच्यावर बँक यंत्राला कर्ज देत नाही. सातबारा, आठ-अ, आणि २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, अशा एकेका फाटकावर पट्टेदार अडतो. ज्याचा दावाच अजून निकाली निघाला नाही त्याची तर आणखी तऱ्हा. वन कायद्यात वाहन जप्तीची तरतूद आहे. वादातल्या जमिनीत नांगर घातला म्हणून एकदा ट्रॅक्टर अडकला की भाड्याने देणारा त्या गावाची वाट पुन्हा धरत नाही. मग कुदळ आणि खांदा, एवढेच यंत्र उरते.

त्यात जंगलाची कड. वाघाच्या भीतीने पहाटे लवकर शेतात जाता येत नाही, दिवेलागणीनंतर थांबता येत नाही. दुसऱ्या मुलखात वाफशाच्या दिवसांत रात्रभर ट्रॅक्टर चालतात. आपल्याकडे चार दिवसांचे उजेडाचे तेवढेच तास. म्हणजे यंत्र इतरांपेक्षा आपल्याला जास्त हवे, आणि मिळते सर्वांत कमी.

मूळ दुखणे

हे सगळे खरे असले तरी शेवटी प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो. भाडे द्यायला पैसा कुठे आहे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पीक विकून चार पैसे उरले असते तर ट्रॅक्टरवाला बोलावल्याशिवाय दारात आला असता. सोयाबीन-धानासाठी पंजाबचे हार्वेस्टर विदर्भात कोणाच्या अनुदानाने येतात? भाडे मिळते म्हणून येतात.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना आणि दिल्लीची इक्रिअर यांनी २०१८ मध्ये भारताच्या शेतीधोरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१६ या काळात सगळी अनुदाने जमेला धरूनही, निर्यातबंदी आणि बाजारातल्या बंधनांपायी भारतीय शेतकऱ्याच्या मिळकतीतून सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. एका हाताने शंभरातले चौदा काढायचे आणि दुसऱ्या हाताने सोडतीत ट्रॅक्टर वाटायचा!

ताजे उदाहरण हवे? १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या हंगामात. कारखानदाराला परदेशचा कापूस मोकळा आणि शेतकऱ्याला परदेशचा पॉवर टिलर परवान्यावर. मोकळा बाजार असावा असे आम्हीही म्हणतो. पण मोकळीक दोन्ही बाजूंनी हवी. विकताना मोकळा आणि घेताना बांधलेला, हा बाजार नव्हे, कोंडवाडा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर, ट्रॅक्टरच्या टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर आला. चांगले झाले. पण २०१७ पासून आठ वर्षे जो भरला तो कोणत्या पापाचा? व्यापारी भरलेला कर पुढे वळता करून घेतो, शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याचा भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. डिझेल जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचे शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही चालू आहेत. आलिशान गाडीच्या टाकीत आणि नांगराच्या टाकीत एकाच भावाचे तेल.

काय मागायचे, काय करायचे

तालुक्या-तालुक्याच्या बैठकीत या गोष्टींवर बोलणे व्हावे.

एक. अनुदानाचे यंत्र नको, शेतमालाचा दाम मोकळा करा. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, ऐन हंगामात आयात, हे प्रकार बंद करा.

दोन. पॉवर टिलर, पॉवर विडर, श्रेडर आणि त्यांच्या सुट्या भागांची आयात परवान्यातून सोडवा. नांगराच्या डिझेलवरचा कर काढा.

तीन. अनुदान द्यायचेच असेल तर यंत्राच्या विक्रेत्याला पोहोचणारे नको, शेतकऱ्याच्या हाती द्या. यंत्र घ्यायचे, भाड्याने बोलवायचे की बैल ठेवायचे, हे तो ठरवील.

चार. वनपट्टाधारकाला शेतीच्या सर्व कामांसाठी सातबाराधारकासारखेच धरा, आणि जमीन गहाण न घेता यंत्रावरच कर्ज द्या. प्रलंबित दाव्यांचा निकाल होईपर्यंत शेताच्या कामावरचे यंत्र जप्त करू नका.

पाच. सिंदेवाहीच्या आणि सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांनी प्रदर्शनाचे फीत-कापणे कमी करून गावच्या पोरापोरींना दुरुस्ती शिकवावी. एक मिस्त्री दहा ट्रॅक्टरांच्या मोलाचा आहे.

हे झाले सरकारकडचे. आपल्या हातातलेही आहे. गावात ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो शत्रू नव्हे, त्याच्याशी हंगामाआधी बसा. शेताच्या क्रमाने नंबर लावा, नात्याच्या क्रमाने नको. लागून असलेल्या दहा-बारा तुकड्यांची नांगरट एका दमात झाली तर वळण्यात जाणारा वेळ आणि डिझेल वाचते, भाडेही उतरते. बांध फोडायची गरज नाही, फक्त दिवस एक धरा. भाडे रोख द्या, उधारीने चांगला यंत्रवाला गाव सोडतो. आणि केवळ अनुदान आहे म्हणून हप्त्यावर ट्रॅक्टर घेणाऱ्या पोराला वरचा हिशेब एकदा पाटीवर मांडून दाखवा. आपले तास मोज, गिऱ्हाईक मोज, मग सही कर. हप्ते थकले की फायनान्सवाला ट्रॅक्टर ओढून नेतो तेव्हा अनुदान देणारा कोणी आडवा येत नाही.

शेतकऱ्याला यंत्र दान द्यायची गरज नाही. त्याच्या कापसा-ज्वारीच्या वाटेत उभे आहात, तेवढे बाजूला व्हा. चार दिवसांच्या वाफशात काय करायचे ते त्याला ठाऊक आहे.